साडेचार वॅटचा माणूस

वॅटरावांना लॅपटॉप घ्यायचा आहे, ही बातमी आमच्या सोसायटीत २०१४ सालापासून ताजी आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात इंटेलनं ‘कोअर एम’ नावाचा प्रोसेसर आणला. साडेचार वॅटचा, पंख्याशिवाय चालणारा. तोवर पातळ लॅपटॉपात बसणारे नेहमीचे प्रोसेसर पंधरा वॅटचे असत. वॅटरावांनी पेपरात ते वाचलं आणि चहा पार निवेपर्यंत ‘साडेचार! फक्त साडेचार!’ एवढंच म्हणत राहिले. त्या दिवसापासून त्यांचं मूळ नाव फक्त वीजबिलावर उरलं.

लॅपटॉप घ्यायचा नाही, असं ते कधीही म्हणत नाहीत. घ्यायचाच आहे. फक्त आत्ता घेणं वेडेपणाचं आहे, कारण दिवाळीनंतर नवी पिढी येते आहे. त्यांच्याकडे दोनशे पानी वही आहे. तीत लाल शाईनं आखलेले रकाने आहेत: वॅट, नॅनोमीटर, कोअर, बेस, टर्बो, बॅटरीचे वॅट-तास, वजन, जाडी. शेवटचा रकाना ‘निर्णय’. तो सगळ्यात रुंद आहे आणि पहिल्या पानापासून कोरा आहे.

त्यांच्या दोन अटी मात्र पक्क्या. वजन किलोच्या आत हवं, कारण डोंबिवलीच्या गर्दीत सॅक पुढे छातीवर घ्यावी लागते. लोकलमध्ये तो उघडणार कुठे, असं कुणी विचारलं, तर ‘उघडायचा प्रश्नच नाही, न्यायचाय’ असं उत्तर मिळतं. दुसरी अट पंखा नको ही. लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज त्यांना सहन होत नाही. हे वाक्य ते आपल्या दिवाणखान्यात मोठ्यानं ओरडून सांगतात, कारण तिथे छताचा पंखा इतका खडखडतो, की साध्या आवाजातलं बोलणं समोरच्याला ऐकूच येत नाही.

२०१५ साली अॅपलनं कोअर एम घातलेलं बारा इंची मॅकबुक काढलं. ९२० ग्रॅम, पंखा नाही. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या. वॅटराव जरा घाबरले. मग त्यांच्या लक्षात आलं, की हेडफोनचं सोडलं, तर चार्जिंगला आणि बाकी सगळ्याला मिळून त्याला एकच भोक आहे. ‘पेन ड्राइव्ह लावला, तर चार्जर कुठे लावू?’ असं म्हणून त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

२०१६ साल त्यांना फार लागलं. इंटेलनं ‘एम५’ आणि ‘एम७’ ही नावं मोडीत काढली आणि साडेचार वॅटच्याच चिपांना ‘आय५’, ‘आय७’ म्हणायला सुरुवात केली. आता ओळखायचं, तर नंबराच्या पोटातला ‘वाय’ शोधायचा. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात मी त्यांच्याबरोबर होतो. सेल्समन म्हणाला, “काका, आय-फाइव्ह आहे, एकदम टॉप पीस.” वॅटरावांनी चष्मा कपाळावर चढवला, खोकं आडवं केलं आणि लेबलवर बोट ठेवलं.

“७वाय५४. वाय दिसतोय का, वाय? हा साडेचार वॅटचा. टर्बो ३.२ गिगाहर्ट्झ. आणि तो शेजारचा ७२००यू, पंधरा वॅटचा, त्याचा टर्बो ३.१. म्हणजे कागदावर हाच पुढे! पण बेस बघ ना. याचा १.२, त्याचा २.५. सुटत्या गाडीमागे धावणारा माणूस पहिली वीस पावलं कुणालाही मागे टाकतो रे. त्याला म्हणावं, असाच ठाण्यापर्यंत धाव.”

सेल्समननं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, बॅग फ्री आहे.”

गंमत अशी, की वॅटरावांचं एकही वाक्य चुकीचं नसतं. वॅटचा आकडा म्हणजे वीजबिल नव्हे, हे सोसायटीत सगळ्यांना त्यांच्यामुळे कळलं. चिप दीर्घकाळ कामाला जुंपली, तर तिची किती उष्णता बाहेर काढायची सोय लॅपटॉपवाल्यानं करायला हवी, त्याचा तो अंदाज. घटकाभर चिप त्याच्या बरीच वर जाते, मग तापते आणि आपणहून वेग आवरते. पत्रा पातळ आणि पंखा गायब असला, की ही वेळ लवकर येते. म्हणून तोच प्रोसेसर एका लॅपटॉपात तरतरीत आणि दुसऱ्यात पेंगुळलेला असू शकतो. “आणि नुसतं वाचत बसलात, तर बॅटरी खातो तो स्क्रीन,” ते बजावतात. “प्रोसेसर बिचारा बहुतेक वेळ झोपलेला असतो.”

त्यामुळे दुसऱ्याला यंत्र निवडून द्यायला त्यांना दहा मिनिटं पुरतात. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी सीएची आर्टिकलशिप करते, तिला म्हणाले, “एक्सेल हाकायचंय ना? मग पातळपणाची हौस नको. पंखा असलेला घे, १६ जीबी घे.” शिकवण्या घेणाऱ्या बाईंना त्यांनी इंटेलचा एन१०० सुचवला. २०२३ चा, सहा वॅटचा, चार कोअरचा. “नेटबुकातल्या जुन्या अॅटमचा धसका घेतला असेल, तर सोडून द्या,” असा धीरही दिला. तळमजल्यावरच्या आजोबांना नाटकं पाहायची होती. त्यांना लॅपटॉप घेऊच दिला नाही, टॅब्लेट दिला. तिघंही सुखात आहेत. प्रत्येकाला वॅटरावांनी एकच प्रश्न विचारला होता: ‘काम काय?’ हा प्रश्न त्यांना स्वतःला विचारण्याची सोय नाही. त्यांचं काम म्हणजे सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त लिहिणं, आणि ते तर ते शाईच्या पेनानं लिहितात.

रंगात आले, की ते १९८५ सालची केंब्रिजची कथा लावतात. एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेली पहिली आर्म चिप तयार होऊन आली. बोर्डावर बसवली, चालूही झाली. वीज किती घेते म्हणून फर्बरनी मीटर जोडला, तर काटा शून्यावर! पाहतात तो चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. आजूबाजूच्या सर्किटांतून झिरपलेल्या विजेवर ती काम करत होती. इथे वॅटरावांचा कंठ दाटून येतो. “त्याच आर्मचा वंश आज तुमच्या मोबाइलात आहे,” असं म्हणून ते समोरच्याच्या मोबाइलकडे असं बघतात, की त्याला तो खिशात घालायचा संकोच वाटावा.

हाच वंश २०२० च्या नोव्हेंबरात एम१ होऊन पंखा नसलेल्या मॅकबुक एअरमध्ये आला आणि पंखेवाल्या भल्याभल्यांना मागे टाकून गेला. “आता थांबायला कारणच उरलं नाही,” असं वॅटराव जिन्यात जाहीर बोलले आणि एम२ साठी थांबले. २०२४ तर त्यांना जेवू देईना. मे महिन्यात एम४ आला तो लॅपटॉपात नाही, आधी आयपॅडात, तोही ५.१ मिलिमीटर जाडीच्या; वहीतली लॅपटॉप आणि टॅब्लेट यांच्यामधली लाल रेघ खोडावी लागली. जूनमध्ये स्नॅपड्रॅगन एक्सचे लॅपटॉप आले. सप्टेंबरात इंटेलनं लुनार लेक आणला. त्यात रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर, मागाहून वाढवायची सोय नाही. २५६व्ही म्हणजे १६ जीबी, २५८व्ही म्हणजे ३२. “एका आकड्यानं जन्माचं नुकसान!” ते म्हणाले, आणि वही मिटून पुढच्या पिढीची वाट पाहू लागले.

आणि मग घात झाला. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या मंडळींनी वर्गणी काढून, त्यांना न विचारता, त्यांना लॅपटॉप भेट दिला. शाल खांद्यावरून घसरत होती, श्रीफळ काखेत होतं, आणि वॅटराव खोक्यावरचं लेबल वाचत होते. २२६व्ही. “वाईट नाही,” ते म्हणाले. ही त्यांची आजवरची सर्वोच्च पदवी.

आता सुटलो, असं वहिनींना वाटलं. पण आठवड्याभरात चार्जरच्या वायरीत बसणारा, वॅट दाखवणारा छोटा मीटर घरी आला. आता वॅटराव लॅपटॉप चालू करतात, ब्राइटनेस तळाला नेतात आणि मीटरकडे बघत बसतात. नुसता चालू असला, की चार वॅट. वर्ड उघडलं, की सात. व्हिडिओ लावला, की दहा. म्हणून ते वर्ड उघडत नाहीत आणि व्हिडिओ लावत नाहीत. इतिवृत्त अजून शाईच्या पेनानंच येतं.

परवा मी गेलो, तेव्हा आकडा ३.८ वर आलेला होता आणि चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. वहिनी चहा ठेवता ठेवता ओरडून म्हणाल्या, “डोक्यावरचा खडखड्या पंच्याहत्तर वॅट खातोय, तो बदला आधी!”

वॅटराव चमकले. त्यांनी वर पाहिलं. मग नवी दोनशे पानी वही ओढली, लाल पेन उघडलं आणि मला विचारलं, “बीएलडीसी पंखे म्हणे अठ्ठावीस वॅटचे असतात. पण आत्ता घेणं कितपत शहाणपणाचं?”