दहा हजार पावलं, तीही दुसऱ्याची

खोपोलीच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाची तब्येत तीन गोष्टींच्या हातात असते : पाळी, कॅन्टीन आणि कर्जत-खोपोली लोकल. यातली एकही गोष्ट आमच्या कंपनीच्या ‘वेलनेस प्रोग्रॅम’मध्ये नाही. त्यात ॲप आहे.

ॲपने प्रत्येकाला रोज दहा हजार पावलं नेमून दिली. हा आकडा दवाखान्यापेक्षा दुकानातून जास्त पसरला. 1965 साली जपानमध्ये एका कंपनीने ‘दहा हजार पावलं’ या नावाने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, तेव्हापासून तो जगभर चालत सुटलाय. आमच्याकडे तो एचआरच्या मेलमधून आला, विभागवार स्पर्धेसकट.

अकाउंट्सवाल्यांनी चालावं कुठे? टेबलापासून चहाच्या मशीनपर्यंत. तरी आमचा विभाग पहिला आला! एका बहाद्दराने आपला फोन गोदामात गोण्या वाहणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाच्या खिशात ठेवला. मग बाकीच्यांनीही ठेवले. आठवडाभर तो सगळ्या विभागाचं आरोग्य खिशात घेऊन फिरला. स्वतः तो स्पर्धेत नव्हता, कारण कार्यक्रम फक्त कायम कामगारांसाठी. बक्षिसाचा ओट्सचा डबा मात्र आम्ही त्याला दिला. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, “साहेब, हे म्हशीला चालतं का?”

21 जूनला योग दिन झाला. मुंबईहून आलेल्या बाई म्हणाल्या, “गुडघे ताठ ठेवून कमरेतून वाका.” ऑफिसातल्यांचे हात मांडीपाशी अडले, खालापूरकडच्या ऑपरेटरांचे थेट जमिनीला टेकले. बाई थक्क! जुलैत लावणीला हीच मंडळी दिवसभर चिखलात वाकून असतात, हे त्यांना कोण सांगणार? तिथे ‘श्वास सोडा’ म्हणायला कोणी नसतं, आणि इथे त्यासाठी रजा द्यायला कोणी तयार नसतं.

अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीने असाच वेलनेस कार्यक्रम काही शाखांत राबवून पाहिला. सुमारे 33 हजार कर्मचाऱ्यांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष 2019 मध्ये छापून आले. दीड वर्षानंतर ‘मी नियमित व्यायाम करतो’ असं सांगणारे वाढले होते. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि दांड्या मात्र होत्या तिथेच. तिकडेही कुणाचा तरी खिसा जड झाला असावा.

आपला 1948 चा कारखाना कायदा त्या मानाने शहाणा होता. त्याने कामगाराची पावलं मोजली नाहीत. अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीन आणि उन्हाळ्यात प्यायला थंड पाणी, दीडशेहून जास्त असतील तिथे विश्रांतीची खोली, असं मालकाकडे मागितलं. आता मालकाने काय करायचं ते मागे पडलं आणि कामगाराने काय करायचं याची यादी मोबाइलवर येते. पाळी उशिरा सुटते, लोकल चुकते, कर्जतला पुढच्या गाडीची वाट बघताना दिवाडकरांचा वडा पोटात जातो आणि ॲप मलाच लाल खूण दाखवतं.

तेव्हा एचआरला नम्र विनंती : पाळी लोकलच्या वेळेशी जुळवा, रात्रपाळीला ताजं जेवण द्या, लावणीची रजा मंजूर करा आणि ठेकेदाराच्या माणसाचाही रक्तदाब तपासा. पावलं आमची आम्ही टाकू.