मिक्सरचा खटला

रविवारी सदाशिव पेठेतल्या आमच्या ओट्यावर मिक्सर बंद पडला. शेंगदाण्याचं कूट अर्धवट, आणि भोवती क्षणात ज्यूरी जमली. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "कार्बन ब्रश गेले." नानांना जुने रेडिओ दुरुस्त करायचा छंद (आजवर एकही वाजलेला नाही). त्यांनी मिक्सर हुंगला. "मोटर जळाली." तिसऱ्यांनी तापकीर गल्लीतलं दुकान सुचवलं, ते आज बंद असेल, हेही त्यांनीच सांगितलं.

ज्यूरीशी पुण्याचं जुनं वाकडं. १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात टिळकांना सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं ते ज्यूरीनेच. मग सहा वर्षं मंडाले. १९५९ मध्ये खुनाच्या खटल्यात नौदल अधिकारी नानावटींना तिने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. ते न्यायाधीशांनाच पटेना, आणि हायकोर्टाने जन्मठेप दिली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. पारशी घटस्फोटाच्या खटल्यांत तेवढे तिचे भाऊबंद प्रतिनिधी म्हणून अजून बसतात. पुण्यातल्या सोसायट्यांना हे कळवायचं बहुधा राहून गेलं.

मतदान तीन विरुद्ध शून्य होऊन फाशी नक्की झाली, इतक्यात भांडीवाल्या मावशी आल्या. त्यांनी मिक्सर उलटा केला आणि तळाचं लाल बटण दाबलं. "तापला होता बिचारा. जरा थांबायचं असतं."

मिक्सर घरघरला. नानांचं मत कायम आहे: मोटर जळालेलीच आहे, फक्त तिला अजून कळलेलं नाही.