मानद चिटणीस

संगीताच्या इतिहासात गवयांची नावे येतात, साथीदारांची क्वचित येतात, आणि ज्या गृहस्थाने सतरंज्या व खुर्च्या भाड्याने आणल्या त्याचे तर येतच नाही. परंतु जळगाव-धुळ्याकडील कोणत्याही जाणत्या रसिकास विचारले असता तो शपथेवर सांगेल की, मुख्य गवई ऐन वेळी न आल्यामुळे मैफल अडली असे घडलेले नाही, मानद चिटणीस आजारी पडला म्हणून मात्र ती बारगळलेली आहे. निवृत्तीपूर्वी हा गृहस्थ बहुधा शिक्षक, बँकेतील रोखपाल अथवा मामलेदार कचेरीतील अव्वल कारकून असतो. पावतीपुस्तक आडवे मावावे एवढ्या मापाचा खिसा त्याने सदऱ्याला मुद्दाम शिवून घेतलेला असतो. आणि नाना, आप्पा, भाऊ यांपैकी जे नाव त्या आळीत मोकळे असेल त्या नावाने गाव त्याला ओळखते. गावच्या नाट्यगृहाचा पडदा, पंखे व ध्वनियंत्रणा सुस्थितीत राहावी ही त्याची प्रतिज्ञा, आणि तदर्थ दरवर्षी मदतीचा एक कार्यक्रम घडवून आणणे हे त्याचे व्रत. गाण्यातले त्याला स्वतःला ओ की ठो कळत नाही, आणि ही गोष्ट तो कोणापासून लपवूनही ठेवीत नाही.

कळते ते ऋतुमान. कापसाचा पैसा पेठेत केव्हा फिरतो, रावेरकडे केळीचा भाव कोणत्या आठवड्यात चढा आहे, सराफाची मुद्रा कोणत्या दिवशी प्रसन्न असते, याचे त्याचे ज्ञान एखाद्या दलालाने मान खाली घालावी असे सूक्ष्म असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या, त्यामुळे घरमालक खर्चात बुडालेले. वैशाखात लग्नाचे मुहूर्त. त्यानंतर आकाशाखालच्या रंगमंचावर पावसाचे भय. अशी एकेक तिथी बाद करीत तो पौषातल्या एखाद्या शनिवारावर बोट ठेवतो आणि स्वारी वसुलीस निघते. "काय भो, गेल्या साली तुमच्या शेजाऱ्यानं दोन हजार दिले होते," एवढेच तो म्हणतो. शेजाऱ्यालाही त्याने हेच सांगितलेले असते.

कोणी विचारलेच की गाण्याबजावण्यासाठी वर्गणी कशाला, तर इतिहास त्याच्या जिभेवर असतो. नारायणराव राजहंस पुढे बालगंधर्व झाले खरे, पण बालपणी मेहबूबखाँकडे ते गाणे शिकले ते याच जळगावात, तेव्हा ऋण कोणी फेडायचे? आणि ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केले, तेव्हा पुढच्या जागेचे तिकीट शंभर रुपये होते! त्या रात्री कोणते पद कसे रंगले याविषयी चिटणिसाचे कुतूहल शून्य आहे. शंभर रुपये उच्चारताना मात्र त्याचा आवाज जो काही लागतो तो एरवी कधी लागत नाही. १९२३ च्या करमणूक कराच्या कायद्यातील धर्मादाय कार्यक्रमाच्या माफीचे कलम त्याला, इतरांना बंदिशी असाव्यात तसे, मुखोद्गत होते. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि राज्याचा तो कर त्यात विलीन झाला, त्या दिवशी साऱ्या पेठेत हळहळला तो हा एकटा.

गाण्याने फार तर मंडपाचा खर्च निघतो. निधी उभा राहतो तो स्मरणिकेवर. मलपृष्ठ सराफाचे, आतले मुखपृष्ठ डाळमिलचे, ठिबक सिंचनवाल्यांचे मधले रंगीत पान, आणि अशाच एका अंकात मी पाहिलेले ते अविस्मरणीय पान, ज्यावर शालू नेसून लाजत उभ्या असलेल्या बालगंधर्वांच्या पायाशी केळीच्या करप्यावरील रामबाण औषधाची जाहिरात होती. औषधवाल्याने चौकटीचे पैसे रोख दिलेले असल्याने त्यावर चर्चा झाली नाही.

कार्यक्रमपत्रिकाही देणगीच्या आकड्यावरूनच ठरते. शाळेतील मुलींची गणेशवंदना, डॉक्टरांचे नाट्यगीत, वकीलसाहेबांची पेटी, नकलाकार, मोठ्या देणगीदाराच्या नातीचे कथक, आणि ज्यावर मागच्या रांगा खऱ्या अर्थाने जाग्या होतात ते अहिराणी गाणे, असा तो फराळ असतो. एका देणगीदाराच्या जावयाला भुसावळहून रात्रीची गाडी गाठायची होती आणि त्याला येत होती ती फक्त भैरवी. सबब मैफलीचा आरंभ भैरवीने झाला. बाहेरगावाहून आणलेल्या खऱ्या गवयाची पाळी पावणेदहाला आली, आणि दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करण्याचा हुकूम घेऊन फौजदारसाहेब विंगेत उभे. बुवांनी बागेश्री पंधरा मिनिटांत आटोपली. तेवढीही चिटणिसाने ऐकली नाही. तो दाराशी फुकटे मोजीत होता.

धुळ्याकडील चिटणीस जातीने तोच, पण प्रकृतीने निराळा. जळगावचा रोकड पाहतो, धुळ्याचा कागद. ज्या गावात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पश्चात, १९२७ साली, त्यांच्या नावाने संशोधन मंडळ निघाले आणि जुनी दप्तरे देवासारखी जपली गेली, तेथे तंबूवाल्याची पावतीसुद्धा फाडून टाकण्याची कोणाची छाती होत नाही. १९४४ साली मामा वरेरकरांच्या अध्यक्षतेखाली तेथे साहित्य संमेलन भरले, त्या मंडपाच्या वासे-बल्ल्यांचा हिशेब आजही कोणाच्या तरी माळ्यावर असेल अशी माझी धारणा आहे. इतिवृत्त वाचण्यास कार्यक्रमापेक्षा अधिक वेळ लागतो, आणि तंबोरा लागत असताना किर्दीची रुजुवात चाललेली असते.

त्या बागेश्रीवाल्या बुवांचे पुढे असे झाले की, बिदागीचे पाकीट हाती आल्यावर त्यांनी ते कपाळाला लावून परत केले आणि म्हणाले, "बालगंधर्वांच्या गावात मी काय घेणार? हे तुमच्या नाट्यगृहाला." विंगेतली मंडळी गहिवरली. फौजदारसाहेबांनी टोपी काढली. चिटणिसाने पाकीट उघडून नोटा दोनदा मोजल्या, खिशातून पावतीपुस्तक काढले, कार्बन सरळ केला आणि अत्यंत आदराने विचारले, "बुवा, पॅन नंबर सांगता ना? देणगीदारांची यादी उद्याच छापायला जातेय."