कार्डाचे दात

ग्राफिक्स कार्डाची निवड हा संगणकशास्त्राचा विषय आहे, असा समज पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तालुक्यांत रूढ असला, तरी तेथील खरेदीदारांचे बारकाईने निरीक्षण केल्यास हा विषय मुख्यतः अहंकारशास्त्राचा असून त्याला विजेच्या वायरची पुरवणी जोडलेली आहे, असेच मान्य करावे लागते. प्रस्तुत लेखकाने हे निरीक्षण प्रामुख्याने एकाच खरेदीदारावर केले आहे आणि तो खरेदीदार त्याला रोज सकाळी दाढी करताना आरशात भेटतो. त्यामुळे नमुना लहान असला, तरी माहिती आतल्या गोटातील आहे.

संगणकाच्या पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते आणि या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. बाजारात ज्याला फुल एचडी म्हणतात त्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके मावतात, आणि खेळातील हालचाल डोळ्यांना सलग वाटावी म्हणून सेकंदाला ६० चित्रे, म्हणजे ६० फ्रेम, काढावयाच्या झाल्यास एका सेकंदात १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. फोर-के नावाच्या पडद्यावर हेच काम बरोबर चौपट होते. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार असतो, परंतु हे काम त्याच्याकडे देणे म्हणजे संत्र्याची बाग तोडण्यासाठी तहसीलदारांना शिडीवर चढवणे होय. तेथे टोळी लागते. एकच साधे काम एकाच वेळी करणाऱ्या शेकडो-हजारो छोट्या गणनयंत्रांची अशी टोळी ज्या चिपवर बसवलेली असते तिला जीपीयू म्हणतात, हे नाव एन्व्हिडिया कंपनीने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ या कार्डाबरोबर रूढ केले, आणि ती चिप, तिची स्वतंत्र मेमरी व तिला थंड ठेवणारे पंखे मिळून जी वीट तयार होते ती म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

या विटेच्या खरेदीची प्रयोजने दोन असतात : एक घरात सांगावयाचे आणि दुसरे खरे. घरात सांगावयाचे प्रयोजन ‘व्हिडिओ एडिटिंग’ हे असते, कारण या दोन शब्दांत उद्योग, कला आणि संभाव्य उत्पन्न अशा तिन्हींचा वास येतो, तर ‘गेम’ या एका शब्दात दहावीच्या निकालाचा येतो. वयाची चाळिशी ओलांडलेल्या प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या घरात हेच प्रयोजन सादर केले होते, आणि त्याच्या व्हिडिओ संपादनाचा एकूण पसारा म्हणजे दरवर्षी पोळ्याला मोबाइलवर काढलेले चार मिनिटांचे चित्रीकरण, ज्यातील दीड मिनिट अंगठा भिंगावर आलेला असतो, एवढाच होता, ही गोष्ट घरातील सर्वांना ठाऊक असूनही कोणी बोलून दाखवली नाही. यावरून कुटुंबसंस्था अजून टिकून आहे, असे म्हणता येईल.

वास्तविक या पट्ट्यात व्हिडिओवर ज्यांचे पोट आहे अशी मंडळी आहेत. लग्नसराईत हळदीपासून पाठवणीपर्यंतचे सोळा-सोळा तासांचे चित्रीकरण रात्री जागून कापणाऱ्या तरुण मुलांच्या खोल्यांत डोकावल्यास तेथील संगणक केविलवाणे दिसतात, आणि त्याला कारण गरिबी हे एकच नसते. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांत लोकप्रिय असलेले एडियस हे सॉफ्टवेअर कापाकापीच्या आणि शेवटची फाइल तयार करण्याच्या कामात इंटेलच्या प्रोसेसरमध्येच असलेल्या क्विक सिंक नावाच्या सोयीचा चांगला उपयोग करून घेते, म्हणून तेथे मोठ्या कार्डावाचून फारसे अडत नाही. रंगसंस्काराला प्राधान्य देणारे दाविंची रिझॉल्व्ह मात्र कार्डावर पुष्कळ भार टाकते. म्हणजे जो खरोखर व्हिडिओ करतो त्याने आधी सॉफ्टवेअर ठरवावे आणि मग कार्ड, हा क्रम सरळ आहे. जो करत नाही त्याला क्रमाचे बंधन नसते. शिवाय इतक्या कष्टाने फोर-केमध्ये तयार केलेले लग्न अखेर व्हॉट्सअ‍ॅपवरून आकसून मावशीच्या मोबाइलवर पोचते आणि मावशी त्यात फक्त स्वतःची साडी शोधते, हे येथे नोंदवून पुढे जाणे बरे.

कार्डांच्या नावांविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण चहाच्या टपरीवर विद्वत्ता दाखवण्यास याहून सोयीचा प्रांत नाही. आरटीएक्स ४०६० या नावात ४० ही पिढी आणि ६० ही त्या पिढीतील पायरी, हे एकदा कळले की माणसाला सर्व कळल्यासारखे वाटते, आणि कंपन्यांना नेमके तेच हवे असते. २०२१ मधील ३०६० या कार्डाला १२ जीबी मेमरी मिळाली आणि २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या धाकट्या भावाला, म्हणजे ४०६०ला, ८ जीबी. धाकटा वेगाने सरस, विजेच्या बाबतीत काटकसरी, १७० वॅटच्या जागी ११५ वॅटवर भागवणारा, पण ओसरी लहान. जीटी १०३० या एकाच नावाखाली दोन निरनिराळी कार्डे विकली गेली, ज्यांपैकी एकाची मेमरी सेकंदाला सुमारे ४८ जीबी माहिती वाहते आणि दुसऱ्याची जेमतेम १७, आणि खोक्यावरील ठळक अक्षरांवरून हा भेद कळण्याचा मार्ग नव्हता. एएमडीचे २०२२ मधील आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड व्हिडिओ दाखवू शकते, परंतु तो फाइलमध्ये भरून ठेवण्याची, म्हणजे एन्कोडिंगची, यंत्रणा त्यात नाही. ‘व्हिडिओसाठी’ म्हणून ते घेणाऱ्याची गत दूध न देणाऱ्या म्हशीच्या धन्यासारखी होते. हे सर्व प्रस्तुत लेखकाने टपरीवर अनेकदा सांगितले असून चहाचे पैसे प्रत्येक वेळी त्यालाच द्यावे लागले आहेत.

आता शक्तीचा प्रश्न. मदरबोर्डवरील ज्या खाचेत कार्ड बसते ती खाच ७५ वॅटपर्यंतच वीज देते. त्याहून अधिक लागल्यास एसएमपीएसपासून, म्हणजे घरातील विजेचे संगणकास पचेल अशा विजेत रूपांतर करणाऱ्या डब्यापासून, वेगळी वायर आणावी लागते. हा वॅट म्हणजे किती, असे लेखकाच्या वडिलांनी विचारले, तेव्हा त्यांना विहिरीवरच्या मोटारीच्या हिशेबात सांगणे भाग पडले. ७४६ वॅट म्हणजे एक अश्वशक्ती; त्या हिशेबाने २०२५ च्या आरंभी आलेले आरटीएक्स ५०९० हे ५७५ वॅटचे कार्ड पाऊण अश्वशक्तीच्याही किंचित वर जाते, आणि मध्यम अंगाची बैलजोडी सलग काम करताना साधारण एक अश्वशक्ती देते, असे कृषी अभियांत्रिकीत धरतात. वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “म्हंजे जोडीतला एक बैल आन् दुसऱ्याचा अर्धा. वखर किती चालते त्याच्यानं?”

बैलाचा विषय निघालाच आहे, तर त्याला योग्य तो न्याय देणे हे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, सिवनी आणि बालाघाट हा गवळाऊ जातीचा मूळ प्रदेश. पांढरा किंवा करडा रंग, हलके अंग, लांबट तोंड आणि दुडक्या चालीत घोड्याला लाजवील अशी गती. मराठ्यांच्या काळी लष्कराचे सामान डोंगराळ वाटांनी झपाट्याने हलवण्यासाठी हे बैल वापरत, असे सांगतात, आणि २०२३ मध्ये पांढुर्णा हा सौंसरसह छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झाला तरी बैलांनी याची दखल घेतलेली नाही. बैल घेणारा माणूस आधी चाल पाहतो, मग खुर, मग खांदा, मग अंगावरचे भोवरे, कारण चुकीच्या जागी भोवरा असलेला बैल अपशकुनी मानतात, आणि शेवटी दात. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या आठ दुधाच्या दातांच्या जागी पक्के दात जोडीजोडीने येतात. पक्का दात आलेला नाही तो आदत, पहिली जोडी सुमारे दोन-अडीच वर्षांची खूण, पुढे चार दाती, सहा दाती, आणि पाचेक वर्षांत आठही आले की बैल जुळला. विकणारा वय काहीही सांगो, जबडा खोटे बोलत नाही. भाव मात्र तोंडाने बोलायचा नसतो. दलाल आणि गिऱ्हाईक दुपट्ट्याखाली हात घालून बोटे दाबतात, भोवती पंचवीस माणसे उभी असूनही व्यवहार दोघांतच राहतो, आणि चेहऱ्यावर दोघेही असा भाव ठेवतात की जणू मयतीला आले आहेत. जगातील कोणत्याही ऑनलाइन दुकानाला अशी गुप्तता साधलेली नाही. वखर, डवरा, तिफण आणि छकडा यांपैकी बैल कशासाठी हवा, हे ठरवल्यावाचून कोणी बाजाराला निघत नसे, कारण छकड्याचा चपळ बैल नांगराला जुंपला तर दोघांचेही हाल. या विषयावर अजून पुष्कळ लिहिता येण्यासारखे आहे. परंतु वाचक कार्डासाठी आला आहे.

जुन्या कार्डाला दात नसतात, हीच अडचण आहे. इथेरियम या आभासी चलनाच्या हिशेबाचे काम कार्डांवर करून पैसे मिळवण्याचा धंदा, ज्याला मायनिंग म्हणतात, तो १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची पद्धतच बदलल्याने थांबला, आणि रात्रंदिवस घाण्याला जुंपलेली कार्डे त्यानंतर पुसून-पासून बाजारात आली. नवीन कार्डावर १८ टक्के जीएसटी पडतो, तो वाचवण्याच्या चातुर्यात प्रस्तुत लेखकाने नागपुरास जाऊन असेच एक १२ जीबीचे कार्ड आणले. विकणाऱ्याने ते ‘मुलगा संध्याकाळी तासभर गेम खेळायचा’ या वर्णनासह दिले होते. जाणकार अशा कार्डाची स्ट्रेस टेस्ट घेतात, म्हणजे त्याला अर्धा तास पूर्ण भाराखाली पळवून तापमान आणि चित्रातील दोष पाहतात. बागायतदाराच्या घरात जन्मलेल्या लेखकाने मात्र ‘स्ट्रेस’ म्हणजे ताण, आणि संत्र्याच्या झाडाला पाणी तोडून ताण दिला की बहार फुटतो, या परंपरागत ज्ञानावर विसंबून ती घरी आल्यावर घेतली. कार्डाला बहार फुटला नाही, एसएमपीएसला फुटला. त्यावर ४५० वॅट असे लिहिले होते, पण लिहिणाऱ्याने ते आशीर्वाद म्हणून लिहिले असावे.

नवा एसएमपीएस आला. मग कार्ड इतके लांब निघाले की कॅबिनेटचे झाकण लागेना, आणि इतके जड की खाचेतून खाली झुकू लागले, तेव्हा अखेर कॅबिनेटच आडवे निजवावे लागले; सौंसरजवळच्या जामसावळीला मारुतीच निजलेल्या रूपात असल्याने आडवे होण्यात या मुलखात कोणी कमीपणा मानत नाही. एवढे झाल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात १४४ हा आकडा उमटला. सेकंदाला १४४ फ्रेम. पडदा मात्र जुना होता आणि तो सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलू शकत होता, म्हणजे उरलेल्या ८४ फ्रेम कार्डाच्या पोटात जन्मून तेथेच विरत होत्या. लेखकाने त्या आठवड्यात खेळ असा खेळलाच नाही. तो कोपऱ्यातील आकड्याकडे पाहत बसे, आणि आकडा १४१ वर उतरला की त्याचा जीव खाली-वर होई.

दरम्यान ४ जीबीचे जुने कार्ड त्याने सौंसरच्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्या मुलाला विकले होते. संध्याकाळी ही विक्री मोठ्या तोऱ्याने सांगितली जात असता वडिलांनी फक्त एवढेच विचारले, “खोड सांगितली काय त्याले?”

खोड होती. तापल्यावर त्याचा पंखा अडकत असे आणि टोचल्याशिवाय फिरत नसे. ती सांगितली नव्हती, कारण या बाजारात ती सांगण्याची रीतच नाही. ‘अगदी नव्यासारखे’ हे दोन शब्द म्हणजे सांगून झाले असे धरले जाते. ट्रॅक्टर आला त्या वर्षी वडिलांनी शेवटची जोडी विकली, तेव्हा उजवा बैल नदीत उतरताना बिचकतो, हे त्यांनी गिऱ्हाइकाने जबडा उघडण्याआधीच सांगितले होते आणि त्यापायी भाव पडला होता. घरात त्यावरून त्या रात्री कटकट झाली, ती प्रस्तुत लेखकाने अंथरुणातून ऐकली होती. पुढच्या पोळ्याला तो घेणारा माणूस झूल घातलेली तीच जोडी मुद्दाम दारात घेऊन आला. आईने पूजा केली, पुरणपोळी चारली, आणि वडील बैलांच्या पाठीवर हात न ठेवता आत निघून गेले. लेखकाच्या चार मिनिटांच्या वार्षिक चित्रीकरणात आता लाकडी बैल असतात, आणि ते कितीही जीबीच्या कार्डावर तेवढेच हलतात.

मुलाला फोन केला गेला. तो एका लग्नाच्या रिसेप्शनचा भाग कापत होता आणि मागून पंख्याची घरघर ऐकू येत होती. “ते मले पयल्याच दिवशी माहीत होतं काका,” तो म्हणाला, “तुम्ही फोटो पाठवले, त्यात पंख्यापाशी टाचणीचे ओरखडे दिसत होते. म्हणून तर पाचशे कमी मागतले.” हे पाचशे रुपये म्हणजे मुलाला घासाघीस जमत नसल्याचा पुरावा, अशी लेखकाची तोपर्यंत समजूत होती.

तात्पर्य बाजूला ठेवून एक सूचना. प्रस्तुत लेखकाकडील वर वर्णिलेले १२ जीबीचे कार्ड विक्रीस आहे. ते मायनिंगमध्ये राबलेले आहे, बहुधा पूर्ण जुळलेले. मधला पंखा मे महिन्यात ठोके देतो, पडद्याची वायर लावण्याच्या चार खाचांपैकी एक बंद आहे, खोके नाही, आणि लहान कॅबिनेटात ते मावणार नाही. एसएमपीएसवरील आकड्यावर विश्वास ठेवून घेऊ नये. येताना दुपट्टा आणावा.