गॅस नाही गेला!

नवतपा लागला की नागपुरात माणसांचे चेहरे उतरतात. आमच्या बिल्डिंगमधल्या भाऊसाहेबांचा मात्र उजळतो. पारा पंचेचाळिशी ओलांडून गेला की कोणाचा ना कोणाचा एसी नुसती हवा फेकू लागणार आणि मेकॅनिकच्या आधी आपल्याला बोलावणं येणार, याची त्यांना खात्री असते. दूरसंचार खात्यातून ते निवृत्त झाले, पण बिघाडाची भूक काही निवृत्त झाली नाही.

टेस्टर, टॉर्च, दात घासायचा जुना ब्रश आणि दोन थर्मामीटर घेऊन ते येतात. आल्याआल्या एसीकडे बघतसुद्धा नाहीत. खुर्चीत बसतात, पाणी मागतात आणि जुन्या वैद्यासारखी चौकशी सुरू करतात. कधीपासून? दुपारीच की रात्रीही? पाणी गळतं? घरच्या कोणी मध्येच ‘गॅस गेला असेल’ म्हटलं, की त्यांचे डोळे मिटतात.

‘‘सिलिंडर आहे का भाऊ तो, स्वयंपाक करून संपायला? बंद नळ्यांत फिरून राहिला बिचारा. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळून राहिला. गळती न शोधता भराल, तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा भराल!’’

एवढ्यावर थांबले तर ते भाऊसाहेब कसले! त्यानंतर दीड टन म्हणजे काय, हे येतं. टन म्हणजे एसीचं वजन नव्हे. टनभर बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून बाहेर काढायची ताकद म्हणजे एक टन. ऐकणाऱ्याच्या मानेवरून घाम ओघळत असतो आणि भाऊसाहेब बर्फ वितळवत असतात.

मग ते फिल्टर काढतात आणि उजेडासमोर धरतात. पलीकडचं काही दिसत नाही. ‘‘वहिनी, शेवटचा कधी धुतला?’’ या प्रश्नाला आजवर कोणत्याही घरात सरळ उत्तर मिळालेलं नाही. आतल्या कॉइलवर बर्फ जमलेला दिसला की घरातली पोरं खूश होतात, भाऊसाहेब कपाळाला हात लावतात. हवाच पुढे जात नाही, म्हणून तो जमतो. किंवा गॅस खरोखरच कमी असतो. हा ‘किंवा’ ते हळू आवाजात म्हणतात.

दुसऱ्या मजल्यावरचा प्रसंग तर बिल्डिंगभर झाला. तिथलं कुटुंब दोन रात्री गच्चीवर झोपलं होतं. भाऊसाहेबांनी फिल्टर धुतला, व्होल्टेज पाहिलं, वर हवा शिरते तिथे एक आणि खाली बाहेर पडते तिथे दुसरा थर्मामीटर लावला. आठ ते बारा अंशांचा फरक हवा, फरक शून्य. तासाभराने त्यांनी रिमोट मागितला आणि एक बटण दाबलं. पडद्यावरचं पंख्याचं चिन्ह जाऊन बर्फाचं फूल आलं. हे त्यांना दारातच दिसलं होतं, असं पुढे त्यांनीच सांगितलं. ‘‘लगेच सांगितलं असतं, तर लोकांना वाटते काही झालंच नव्हतं.’’

बाहेरचं युनिट बघायला ते भर दुपारी दोन वाजता गच्चीवर जातात. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा. घरातली उष्णता याच युनिटातून बाहेर पडायची असते, आणि त्याच्या जाळीवर धूळ थापलेली, मागे कबुतरांचा संसार. खाली उभं राहून काकू ओरडतात, ‘‘अहो, जेवायला या!’’ वरून उत्तर येतं, ‘‘अंडी आहेत इथं!’’ पिल्लं उडून जाईपर्यंत त्या घराला कूलरवर काढावं लागलं. एसीवाल्यांनी भाऊसाहेबांना क्षमा केली. कबुतरांनी पुढच्या वर्षी तीच जागा धरली.

खरी रंगत मेकॅनिक आल्यावर. पोरगा विशीतला, मीटर लावायच्या आधीच म्हणतो, ‘‘काका, गॅस भरावा लागते.’’ भाऊसाहेब शांतपणे विचारतात, ‘‘कोणता? बत्तीस की चारशे दहा? पाटीवर ग्रॅममध्ये वजन लिहून आहे. काटा आणला का? साबणाचं पाणी लावून जोड तपासले?’’ पोरगा गुमान साबण मागतो. पण कॉम्प्रेसर नुसता हुं हुं करत सुरू होत नसेल, तर भाऊसाहेब स्वतः दोन पावलं मागे सरतात. ‘‘कपॅसिटर असेल. वीज बंद केली तरी त्यात साठून राहते. हे तुझं काम, बाबू.’’ यावर त्या पोराच्या चेहऱ्यावर जो आदर उमटतो, तो मी पाहिला आहे. पोरगा कपॅसिटर बदलतो आणि भाऊसाहेब जुना कपॅसिटर घरी नेतात. कशासाठी, हे विचारायची कोणाची टाप नाही.

त्यांच्या मनात एक सल आहे. त्यांचा स्वतःचा एसी कधी बिघडतच नाही. दर पंधरा दिवसांनी फिल्टर धुतलेला, चोवीसवर लावलेला. मेहुणा आला की तो १६ वर नेतो आणि भाऊसाहेबांना निदान बोलायला एक विषय मिळतो: ‘‘अरे, १६ लावल्यानं आपला हा जुना एसी लवकर थंड नाही करत. वेग तोच. फक्त थांबायचं विसरते!’’ पण मेहुणा दोन दिवसांत परत जातो.

पावसाळ्यात बोलावणी विरळ होतात, दिवाळीनंतर पार थांबतात. तेव्हा भाऊसाहेब जिन्यात उगाच रेंगाळताना दिसतात. डिसेंबरात एका सकाळी सहालाच आमच्या दाराची बेल वाजली. कानटोपी, स्वेटर, आणि हातात तेच दोन थर्मामीटर.

‘‘गीझर कसा आहे तुमचा?’’