गुरुजी आणि मोकळा स्लॉट

उदगिरात आमच्या गल्लीत कुणाचा कॉम्प्युटर मंद झाला की दुकानाआधी गुरुजींना निरोप जातो. निरोप नाही गेला तरी ते येतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात पितळी पानाचा डबा. तुमच्याकडे ते बँकेतून निवृत्त झाले असतील, नाहीतर एसटीतून. डबा मात्र असणारच.

डब्यात पान नाही. काकूंनी तंबाखू सोडवली, डबा काही सोडवता आला नाही. आता सुपारीच्या कप्प्यात स्क्रू, लवंगेच्या कप्प्यात मदरबोर्डचे गोल सेल, चुन्याच्या डबीत प्रोसेसरला लावायची पांढरी पेस्ट. (एका पाहुण्यानं ती अंगठ्यानं तळहातावर घेतली होती. वेळीच अडवलं.) आणि पानांच्या जागी, मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या रॅमच्या पट्ट्या. प्रत्येकीचं कूळ गुरुजींना तोंडपाठ. ही पतसंस्थेच्या भंगारातली, ही जावयाच्या जुन्या मशीनची. लेक हैदराबादला दिलीय. बिदरमार्गे रेल्वेनं तिच्याकडं जातात आणि त्यातला अर्धा दिवस सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये जुन्या पट्ट्या चाळण्यात घालवतात. लेकीला वाटतं, बाबा आपल्यासाठी आले.

हे खूळ एमएस-सीआयटीपासूनचं. 2001 साली तो कोर्स निघाला, पुढं सरकारी नोकरदारांना कॉम्प्युटरची परीक्षा सक्तीची झाली. बाकीच्या मास्तरांनी सर्टिफिकेट फायलीत लावलं. गुरुजींनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला.

त्यांचा क्रम ठरलेला. आधी खुर्चीवर बसून राइट क्लिक, रिफ्रेश. परत रिफ्रेश. रिफ्रेशनं मशीनला हुशारी येते अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि त्यांना हसणारेही घरी गेल्यावर तेच करतात. मग मशीन बंद करून चालू. सुरू व्हायला लागतो तेवढ्या वेळात इतिहास. गुरुजींनी जन्मभर तोच विषय शिकवला, आणि लढाई तर गावातलीच. 3 फेब्रुवारी 1760, सदाशिवरावभाऊ, समोर निजाम. विंडोज उघडते तोवर निजाम तहाला येतो आणि दौलताबादचा किल्ला देऊन टाकतो. मशीन किती मंद आहे ते आम्ही यावरूनच मोजतो. तह झाला म्हणजे ठीक. पानिपत सुरू झालं की काळजी.

मग कॅबिनेटचं झाकण. त्याला स्क्रू लावलेले त्यांना आवडत नाहीत, "मशीनला वारं लागू दे." खिडकीच्या गजाला हात लावून अंगातली वीज उतरवतात, पट्टी काढतात आणि सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवतात. शाळेतलंच रबर. रबराचा भुगा फुंकायची पद्धतही तीच, आमच्या वह्यांवर फुंकायचे ती. आणि सांगायला हरकत नाही, दहापैकी पाच मशीन एवढ्यावर सुरू होतात. दातांवर चढलेला मळ गेला की पट्टी मशीनला परत दिसायला लागते.

इथं थांबले असते तर गुरुजींचा पुतळा झाला असता. पण त्यांना रॅमचा मोकळा स्लॉट बघवत नाही. "मोकळा का ठेवलास रे हा?" म्हणताना त्यांच्या आवाजात, गृहपाठ का केला नाहीस, हा जुना सूर येतो. लगेच डबा उघडतो. डीडीआर2 आणि डीडीआर3, दोन्हींना दात 240च, पण मधली खाच वेगवेगळ्या जागी. ती सोय कंपन्यांनी गुरुजींना डोळ्यांपुढं ठेवूनच केली असावी. खाच जुळली की मात्र त्यांना कुणी अडवू शकत नाही. "घाल की. काय बी होत नाही."

माझ्या पुतण्याच्या सेवा केंद्रात असंच झालं. 2023चा जुलै, एक रुपयात पीक विम्याचं ते पहिलं वर्ष. सातबारा, आधार, पासबुक घेऊन सोयाबीनवाले दारापर्यंत उभे. मशीनमध्ये 1333 वेगाची 2 जीबीची पट्टी होती. गुरुजींनी शेजारी 1600ची 4 जीबी फुकटात बसवली. सकाळी मशीन पळायचं. दुपारी परत चालू केलं की एक फॉर्म उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन यायचा, आणि हार्ड डिस्कचा लाल दिवा विझायचं नाव घेईना.

गुरुजींनी आधी व्हायरस धरला, मग व्होल्टेज, मग "सर्व्हर डाऊन". हे शेवटचं निदान आमच्या तालुक्यात कुणीही मान्य करतं, कारण बऱ्याचदा ते खरंही असतं. मशीन बंद करून चालू केलं, तर त्या दिवशी आम्ही पानिपत ओलांडून थेट माधवरावांपर्यंत पोचलो.

शेवटी पुतण्यानं स्क्रीनवर दाखवलं. सुरू होताना मशीन कधी 6 जीबी मोजत होतं, कधी नुसते 2. दोन पट्ट्यांचं टायमिंग जुळत नव्हतं, मनात येईल तेव्हा मोठी गायब व्हायची. दोनात मावेना ते विंडोज हार्ड डिस्कवर नेऊन टाकणार, परत उचलून आणणार. म्हणून तो लाल दिवा. "आणि जुळल्या तरी गुरुजी, 1600वाली 1333वरच चालते. जी हळू तिच्या चालीनं दोघी."

गुरुजींचा चेहरा एकदम उजळला. "मग बरोबरच हाय की! मी दुसरं काय केलं रे जन्मभर? मागच्या बाकावरच्याला कळाल्याबिगर पुढचा धडा घेतला का कधी?"

नव्हता घेतला. मीच मागच्या बाकावर होतो. त्यामुळे मला काही बोलता येईना. रांगेतला एक जण म्हणाला, "गुरुजी, आमचा इमा तेवढा भरू द्या."

नुसत्या चालीचा फरक कुणाला कळलाही नसता. दोघींचं पटत नव्हतं, खरी गोची ती होती. लातूरहून 4 जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या आणल्या, एकाच कंपनीच्या, एकाच नंबराच्या. मशीन सरळ झालं. जुन्या दोघी फडक्यात गेल्या. "पुसून ठेवतो. कुणाला तरी लागतीलच," गुरुजी म्हणाले, आणि गल्लीतल्या दोघा-तिघांनी नजर चुकवली.

14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चे नेहमीचे अपडेट बंद झाले म्हणून पुतण्यानं त्या दिवाळीत नवं मशीन घेतलं. झाकणाचे सगळे स्क्रू घट्ट, वर वॉरंटीचं सील. गुरुजी फराळाला आले. चिवडा बाजूला ठेवून त्यांनी कॅबिनेटभोवती एक चक्कर मारली, सीलवरून बोट फिरवलं.

"सील लावलंय? म्हंजी आत कायतरी झाकायचं असंल." मग जरा वाकून, खालच्या आवाजात, "स्लॉट किती हैत रे आत?"

"चार," पुतण्या म्हणाला आणि जीभ चावली.