शत्रुघ्नाला काही मिळालं नाही

नील बेटावर डिसेंबरात सूर्य संध्याकाळी पाचला मावळतो. हे वाक्य ज्याला निरुपद्रवी वाटतं, त्याने चारचा चहा कधी मनापासून घेतलेला नाही. घड्याळ आपल्या सगळ्यांचं एकच, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश रेखांशाचं. मुंबई 73 अंशांच्या आसपास आणि नील 93च्या. वीस अंश, अंशाला चार मिनिटं. म्हणजे ढोबळ हिशेबाने सूर्य इथे मुंबईच्या सव्वा तास आधी कामावर येतो आणि आधीच सुटतो. चारला चहा टाकावा तर उन्हं कललेली, बिस्किट बुडवेपर्यंत तिन्हीसांजा, आणि ‘चला, जरा पाय मोकळे करून येऊ’ म्हणेपर्यंत बॅटरी शोधायची वेळ. सातला मध्यरात्र झाल्याची खात्री पटे. पहाटे साडेपाचला मात्र ऊन थेट डोळ्यांवर, कारण खोलीच्या बांबूच्या भिंतींना फटी होत्या. मालकांच्या पाटीवर या फटींना ‘इको’ म्हटलं होतं.

अख्खा हिवाळा तिथे काढला. का काढला, हे नातेवाइकांनी पुरेसं विचारून झालेलं आहे, तेव्हा वाचकांनी तरी दया दाखवावी.

बेटाचं सरकारी नाव शहीद द्वीप. नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकावल्याला 75 वर्षं झाली, त्या 30 डिसेंबर 2018ला हे नामकरण झालं. शेजारचं हॅवलॉक त्याच दिवशी स्वराज द्वीप झालं, आणि खुद्द पोर्ट ब्लेअर 2024मध्ये श्री विजय पुरम. जुनं नाव ज्या जेम्स नीलवरून आलं, त्याने 1857मध्ये अलाहाबादला काय केलं ते वाचलं की नाव गेलं ते बरंच झालं असं वाटतं. पण जेट्टीवरचा पोऱ्या अजून ‘नील, नील’ असंच ओरडतो. तिकीट शहीद द्वीपचं, बोट नीलची, आणि उतरायचं भरतपूरला. कारण इथल्या गावांत रामायण वाटून दिलंय: रामनगर, सीतापूर, लक्ष्मणपूर, भरतपूर. मधला बाजार तेवढा नील केंद्र. सूर्य सीतापूरला उगवतो आणि लक्ष्मणपूरला मावळतो, बोटी भरताकडे लागतात, रामाकडे जरा शांतता आहे. शत्रुघ्नाला इथेही काही मिळालं नाही. मी जेठूंना विचारलं, असं का? ते विळ्याने सुपारी सोलत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘जमीन खतम हो गया.’’

जेठू म्हणजे आमच्या मालकांचे थोरले काका. सगळं बेट त्यांना जेठू म्हणतं म्हणून मीही म्हणायचो. मालक दादा, मालकीणबाई बौदी. आणि त्या सगळ्यांच्या दृष्टीने मीही दादाच, कारण बंगालीत कुठलाही पुरुष पोत्याखाली सापडला तरी आधी दादा असतो, मग उरलेली चौकशी. 1960च्या दशकात पूर्व पाकिस्तानातल्या निर्वासितांना सरकारने इथे आणून वसवलं, त्यात हे कुटुंब. बेटाची वस्ती 2011च्या जनगणनेत जेमतेम 3 हजार, आणि त्यातले बहुतेक तेव्हा आगबोटींतून उतरलेल्यांचे मुलगे-नातू. आज इथे वांगी, भेंडी, कोबी, केळी इतकी पिकतात की आसपासच्या बेटांच्या भाजीची सोय इथून होते. नारळ आणि पोफळी तर अशा, की डोळे मिटून नुसता वास घेतला तर वाटावं गुहागरला उतरलो. डोळे उघडले की बाजूला इस्रायली मुलगा डोक्यावर उभा.

तेल अवीवचा हा मुलगा लष्करातून सुटून नुकताच आला होता आणि तीन वर्षं ऐकलेले हुकूम उलटे होऊन बाहेर पडत असावेत, कारण तो दिवसातला बराच वेळ शीर्षासनात असे. त्याच्या पलीकडच्या झोपडीत एक जर्मन बाई, जिने मौन धरलं होतं आणि ते धरल्याचं ती प्रत्येकाला पाटीवर लिहून सविस्तर सांगायची. बंगळुरूचा एक सॉफ्टवेअरवाला होता, आणि सगळ्यांच्या वर होती फ्रेंच दाढी. दाढीच्या मागे एक गृहस्थ होते, पण ते क्वचितच दिसत.

बॅकपॅकरांत जात नाही, धर्म नाही, पगार विचारायची पद्धत नाही. पण ज्येष्ठता आहे, आणि ती आपल्या सहकारी बँकेतल्यापेक्षा कडक आहे. कोण आधी आलं, एवढ्यावर सगळं ठरतं. दाढी हिवाळ्यामागून हिवाळे येत होती, तेव्हा कोपऱ्यातली झोळी तिची. नव्या माणसाने त्या झोळीत बसणं म्हणजे सासऱ्याच्या खुर्चीत बसणं. दाढीचं लाडकं वाक्य एकच: ‘‘आम्ही आलो तेव्हा इथे काहीच नव्हतं.’’ पूर्वी परदेशी माणसाला अंदमानात राहायला 30 दिवसांचा खास परवाना लागे; 2018मध्ये नीलसह बऱ्याच बेटांवर ती अट सैल झाली. त्या परवान्याबद्दल दाढी ज्या आवाजात बोलायची, त्या आवाजात आमचे आजोबा चार आण्याच्या तुपाबद्दल बोलत. तेव्हाची माणसंच वेगळी, तेव्हाची शांतताच वेगळी. आता काय, कोणीही येतं. हे म्हणताना ती माझ्याकडे बघे.

एकदा हे प्रवचन चालू असताना जेठू सुपारीची टोपली घेऊन जवळच बसले होते. इंग्रजी त्यांना बेताचं, पण ते वाक्य त्यांना समजलं. ते म्हणाले, ‘‘हम लोग आया, तब भी कुछ नहीं था.’’ दाढी एकदम उठून बसली. इतक्या वर्षांनी समानधर्मी भेटला होता. ‘‘काय होतं तेव्हा? सांगा ना!’’ जेठू म्हणाले, ‘‘जंगल था, जळू था, मलेरिया था. सूरज नहीं दिखता था.’’ मग थोडा विचार करून, ‘‘अभी अच्छा है. अभी बिजली है, इस्कूल है, तुम है.’’ या यादीत आपण शाळेच्या नंतर का, यावर दाढी दोन दिवस मौनात गेली आणि जर्मन बाईंना पहिल्यांदाच स्पर्धा निर्माण झाली.

काही न करायला आलेल्या या मंडळींना वेळ म्हणून नसे. सहाला सीतापूरच्या वाळूत योग, मग ध्यान, मग त्या पातेल्यासारख्या वाद्याचा रियाज, दुपारी एकमेकांच्या पाठी दाबणे, चार वाजता लक्ष्मणपूरला सूर्यास्ताची जागा धरायला धावपळ. एकदा सायकलची चेन पडून सूर्यास्त चुकला म्हणून तेल अवीवचा मुलगा रात्रभर हळहळला. उलट आमचे दादा. पहाटे चारला उठून भाजीचे कट्टे बोटीवर घालायचे, आल्यावर पंप दुरुस्त करायचा, मग पाहुण्यांच्या संडासाची टाकी, मग मासळी, मग शाळेची मीटिंग. ‘काय चाललंय दादा?’ असं विचारलं तर डोक्यावर सिमेंटची गोणी घेऊन म्हणायचे, ‘‘कुछ नहीं, बस बैठा है.’’

मी मधल्या मध्ये. मला ना रिकामं बसता येई, ना गोणी उचलता येई. म्हणून मी भरती-ओहोटीचं कोष्टक पाठ केलं. मराठी माणसाला कुठेही कोष्टक सापडलं की तो रुळतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, हे एकदा कळलं की बेटावरच्या बऱ्याच गोष्टी कळतात. ओहोटीला भरतपूरचा समुद्र चालत निघून जातो, आणि मोठ्या उत्साहाने पोहायला आलेला माणूस घोटाभर पाण्यात पोहण्याचा पोशाख घालून उभा राहतो. आजूबाजूला साधू-खेकडे दुसऱ्यांचे शंख पाठीवर घेऊन हिंडत असतात. एकाने शंखाऐवजी बाटलीचं निळं झाकण पत्करलं होतं. मी त्याला अर्धा तास निरखलं: तो चालायचा, झाकण वाळूला टेकायचं, तो थांबून ते सावरायचा, आणि पुन्हा मोठ्या रुबाबात निघायचा. दाढीने त्याच्यात प्लॅस्टिकयुगाची शोकांतिका पाहिली. बौदींना त्याच्यात झाकण दिसलं. लोणच्याच्या बाटलीचं हरवलेलं.

बौदींच्या फळ्यावर हिब्रू अक्षरं होती, जी कुणीतरी पूर्वी लिहून गेलं होतं आणि पुसायचं धाडस कुणात नव्हतं. खाली शक्षुका, श्नित्झेल आणि ‘हॅलो टू द क्वीन’. हे शेवटचं म्हणजे बिस्किटाचा चुरा, केळं, आइस्क्रीम आणि वरून चॉकलेट. मनालीपासून गोकर्णापर्यंत जिथे जिथे इस्रायली पोरं उतरतात तिथे तिथे ही राणी भेटते. बौदींच्या मते शक्षुका म्हणजे ज्याच्या आईने नीट शिकवलं नाही त्याने केलेला डिमेर डालना, म्हणजे अंड्यांचं कालवण. त्या तो मुकाट करून द्यायच्या, आणि घरच्यांसाठी डाळ, भात, मासा. मी दुसऱ्या आठवड्यात घरच्या पंगतीत बढती मिळवली. मात्र पोह्यांच्या बाबतीत आमचे मतभेद टोकाला गेले. मी फोडणी, कांदा, लिंबू सगळं समजावलं. त्यांनी ‘चिंडेर पोलाव ना? ऐसा बोलो ना’ म्हणत बटाटे, मटार, शेंगदाणे, वर साखर आणि मनुका घालून ताट पुढे केलं. पोह्यांत मनुका. मी त्या वेचून ताटाच्या कडेला लावल्या. बौदींनी त्या पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट घातल्या.

सॉफ्टवेअरवाल्याची कथा वेगळी. 10 ऑगस्ट 2020ला चेन्नईहून समुद्राखालून सुमारे 2,300 किलोमीटरची ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाली, हे त्याने वाचलं होतं आणि त्या जोरावर घरमालकाला खोली सोडतो म्हणून सांगून तो आला होता. ती केबल ज्या बेटांना पोचते त्यांच्या यादीत शेजारच्या स्वराज द्वीपाचं नाव आहे. आमच्या बेटाचं नाही. शत्रुघ्नाचं दुःख त्याच्याइतकं कुणालाच कळलं नसेल. रोज दहाच्या मीटिंगला तो लॅपटॉप दोन्ही हातांनी उंच धरून स्वराज द्वीपाच्या दिशेने कंबरभर पाण्यात उभा राही. गावातल्या म्हाताऱ्यांना ती काही पूजा वाटे आणि त्या जाता जाता त्याला नमस्कार करत.

जानेवारीत मराठी सहली सुरू झाल्या. मराठी माणूस अंदमानला येतो तो सावरकरांसाठी. 1911 ते 1921 अशी दहा वर्षं ज्या तुरुंगात गेली तिथली कोठडी बघून हात जोडतो, डोळे पुसतो, आणि मग पॅकेजात आहेत म्हणून दोन दिवस समुद्राला देतो. त्यातला नीलच्या वाट्याला अर्धा. तेवढ्यात काचेच्या तळाची होडी, जेवण आणि ‘हावडा ब्रिज’ बसवायचा. हा पूल म्हणजे प्रवाळखडकाची नैसर्गिक कमान. कोलकात्याची आठवण म्हणून बंगाल्यांनी तिचं तसं नाव ठेवलं. ओहोटीलाच तिथे जाता येतं, आणि ओहोटी कधी हे मला पाठ, म्हणून मी नेमका तिथे असायचो.

लुंगी, रापलेला चेहरा आणि वाढलेली दाढी बघून पांढऱ्या टोपीतल्या एका काकूंनी मला विचारलं, ‘‘ए भैया, इधर घसरता है क्या?’’ मी म्हटलं, ‘‘शेवाळं आहे काकू, कडेने या.’’ काकू जागीच थांबल्या. ‘‘अगं बाई! आपले?’’ आणि मग पाण्यात उभ्या उभ्या आडनाव, गाव, मुलं किती, ती कुठे, इथे कशासाठी, एकटेच का, ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ असं सगळं उरकलं. शेवटच्या प्रश्नाला काकूंचा आवाज खाली आला आणि पर्समधून मेतकुटाची पुडी वर आली. इकडे गाईड खडकांतल्या खळग्यात काठीने दाखवत होता, ‘‘ये समुद्री ककड़ी है.’’ काका वाकून म्हणाले, ‘‘हिची कोशिंबीर होत असेल का हो?’’ गाईडने सांगितलं की तिला कायद्याचं संरक्षण आहे, हात लावायचा नाही. काकांनी हात मागे घेतला, पण विषय त्यांच्या डोक्यातून गेला नसावा.

परतताना मंडळी आमच्या आवारात शहाळी प्यायला थांबली. काकांनी पोफळीची बाग पाहिली, विहीर पाहिली, जमिनीवर चप्पल घासून मातीचा अंदाज घेतला आणि जेठूंशेजारी बसत मुद्द्याला हात घातला. ‘‘क्या भाव चल रहा है इधर? गुंठे का?’’

फ्रेंच दाढी झोळीतून ताडकन बाहेर आली. गुंठा तिला कळला नव्हता, पण सूर कळला होता.

जेठूंनी काकांकडे पाहिलं, शेतात उभ्या पिकाकडे पाहिलं. ‘‘चालीस.’’

‘‘चाळीस हजार?’’

‘‘चालीस रुपया. किलो.’’ जेठू उठले आणि टोपली घेऊन आले. ‘‘बैंगन. आज का है.’’

काका क्षणभर गप्प राहिले. मग वांगं उचलून देठ पाहिलं, दाबून पाहिलं. ‘‘तीस.’’

‘‘पैंतीस.’’

दोन किलो वांगी प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन काका कॅटमरानकडे निघाले तेव्हा काकू मागून विचारत होत्या, ‘‘अहो, हॉटेलात भाजणार कुठे ही?’’ आणि काका म्हणत होते, ‘‘तू गप बस. तिकडे साठ रुपये आहेत.’’